बारीक आहात म्हणजे फिट आहात?

"एवढा बारीक आहेस, तुला कसली शुगर होतेय!" हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. आजच्या भागात तेच जरा तपासून बघू.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. पण अंगातली चरबी? युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! वजनकाट्यावर हा फरक दिसतच नाही.

मग हा फरक येतो कुठून? एक उत्तर मिळालं पुण्याजवळच्या सहा गावांत. १९९३ पासून केईएम हॉस्पिटलच्या संशोधकांनी तिथल्या गरोदर बायकांची आणि पुढे त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षं तपासणी केली. बाळांचं सरासरी वजन होतं साधारण २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साधारण ३.५ किलो. आपल्या बाळांमध्ये स्नायू बरेच कमी, पण पाठीवरची कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे दिसायला बारीक, पण चरबी जपून ठेवणारं शरीर, तेही जन्मापासूनच.

आता आईकडे बघा. ज्या बायकांना गरोदरपणात शेतातली आणि घरातली कष्टाची कामं जास्त होती, त्यांची बाळं लहान होती. ज्यांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं जास्त वेळा होती, त्यांची बाळं मोठी. आणि ताटात काय पडणार, हे ठरतं कशावर? घरच्या मिळकतीवर, आणि घरात शेवटी कोण जेवतं यावर.

असं शरीर घेऊन आपण मोठे होतो. शहरात येतो, दिवसभर खुर्चीत बसतो, रात्री उशिरा वडापाव खातो. जन्मतः लहान असलेल्यांचं वजन पुढे भराभर वाढलं, तर मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून कुणाला शुगर निघाली की "तोंडावर ताबाच नाही" म्हणणं सोपं असलं, तरी अर्धी गोष्ट त्याच्या जन्माआधीच घडलेली असते.

मग सगळं नशिबावर सोडायचं का? अजिबात नाही. एक टेप घ्या आणि कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या वर असेल, तर वजन कितीही असो, सावध व्हा. चाला, जिने चढा, स्नायू कमवा. घरात मधुमेह असेल, तर बारीक असलात तरी शुगर तपासून घ्या.

आणि आज रात्री घरात शेवटी कोण जेवतंय, ते बघा. बहीण, वहिनी, बायको, जी कोणी असेल तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढा. पुढच्या पिढीची तब्येत त्याच ताटात आहे.