जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीची काच बदलताना

जुनी स्पोर्ट्‌स मोटार जपणाऱ्याला ‘अस्सल’ या शब्दाचे भारी अप्रूप असते. चाकाच्या तारांपासून डॅशबोर्डावरील काट्यांपर्यंत प्रत्येक वस्तू मूळचीच असावी, निदान मूळच्यासारखी दिसावी, असा त्याचा आग्रह असतो. हा आग्रह योग्यच आहे. तथापि मोटारीच्या एका भागाबाबत मात्र त्याला मुरड घालावी लागते. तो भाग म्हणजे समोरची काच. ही काच फुटली वा धूसर झाली, की नवी कोणती बसवावी, या प्रश्नाचे उत्तर ‘पूर्वी होती तशीच’ असे नेहमीच देता येत नाही.

उदाहरणादाखल ‘एमजीबी’ ही ब्रिटिश मोटार घेऊ. एमजी हे नाव आपल्याकडे 2019 पासून नव्या मोटारींमुळे सर्वपरिचित झाले असले, तरी त्यापूर्वी अनेक दशके ते उघड्या टपाच्या छोट्या स्पोर्ट्‌स मोटारींचे नाव होते. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. त्यांतील पुष्कळशा आजही रस्त्यावर आहेत आणि त्यांचे बहुतेक सर्व सुटे भाग नव्याने मिळतात. समोरची काचही मिळते. प्रश्न आहे तो निवडीचा.

दोन काचा, दोन स्वभाव

मोटारीच्या काचा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिली ‘टफन्ड’ म्हणजे कठीण केलेली काच. काच सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झपाट्याने थंड केली, की तिच्या पृष्ठभागावर दाब आणि गाभ्यात ताण निर्माण होतो. त्यामुळे ती साध्या काचेपेक्षा कितीतरी बळकट होते. मात्र फुटली, की एका क्षणात सबंध काचेचे बारीक तुकडे होतात. ते धारदार नसतात, हा तिचा गुण. पण फुटताक्षणी संपूर्ण काच पांढरी होऊन समोरचे दिसेनासे होते, हा तिचा मोठा दोष.

दुसरी ‘लॅमिनेटेड’ काच. हिच्यात काचेच्या दोन पातळ थरांमध्ये प्लॅस्टिकचा एक पारदर्शक पडदा असतो. एदुआर बेनेदिक्तस या फ्रेंच चित्रकार-रसायनतज्ज्ञाच्या हातून 1903 मध्ये प्रयोगशाळेतील एक चंबू खाली पडला. त्याला तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत. चंबूच्या आतील बाजूस सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता. या अपघातातून सुचलेल्या कल्पनेचे पेटंट बेनेदिक्तस यांनी 1909 मध्ये घेतले. सेल्युलोजचा थर कालांतराने पिवळा पडे. पुढे त्याची जागा पॉलिव्हिनिल ब्युटिरल या प्लॅस्टिकने घेतली. हा पडदा साधारणतः पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. अशा काचेवर दगड आदळला, तर त्या जागी चांदणीसारखे तडे जातात. उरलेली काच मात्र पारदर्शक राहते आणि आत कोसळत नाही.

अमेरिकेत समोरची काच लॅमिनेटेडच लागे. त्यामुळे तिकडे निर्यात झालेल्या एमजीबींना ती होती. खुद्द ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या सुरुवातीच्या अनेक मोटारींना मात्र टफन्ड काच असे. म्हणजे ‘अस्सल’ काचेचा हट्ट धरणारा मालक कित्येकदा टफन्ड काचच मागत असतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात 22 मीटर अंतर कापते. तेवढ्या वेळात समोरचे काहीच न दिसणे म्हणजे काय, याची कल्पना प्रत्येक वाहनचालकाला करता येईल. म्हणूनच मोटार कोणत्याही देशासाठी तयार झालेली असो, नवी काच लॅमिनेटेडच घ्यावी. प्रदर्शनातील परीक्षकालाही हा फरक लांबून कळत नाही. अपघाताच्या क्षणी मात्र तो चालकाला नक्की कळतो.

कोपऱ्यातील खुणा वाचा

काच कोणत्या प्रकारची आहे, हे विक्रेत्याच्या शब्दावर न सोपवता काचेच्या कोपऱ्यातील खुणांवरून पाहावे. युरोपीय मान्यतेच्या काचेवर वर्तुळात ‘ई’ हे अक्षर व देशाचा क्रमांक असतो; ब्रिटनचा क्रमांक 11 आहे. शेजारी 43 हा नियम क्रमांक आणि साध्या लॅमिनेटेड काचेसाठी रोमन दोनचा आकडा असतो. अमेरिकी काचेवर समोरच्या काचेसाठी ‘एएस 1’ ही खूण असते. ‘एएस 2’ लिहिलेली काच समोर बसवण्यासाठी नसते. भारतीय बनावटीच्या काचेवर आयएस 2553 या मानकाचा उल्लेख व आयएसआय चिन्ह शोधावे. खूणच नसलेली काच कितीही स्वस्त असली, तरी नाकारावी.

काचेवर रंगाची छटा हवी असेल, तर ती बेताची असावी. आपल्याकडील नियमानुसार समोरच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काचेवर काळी फिल्म चिकटवण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये मनाई केली, हेही ध्यानात ठेवावे.

यानंतर येतो मापाचा प्रश्न. उघड्या टपाच्या एमजीबीची काच ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसते आणि ती चौकट बोल्टने गाडीला जोडलेली असते. 1965 मध्ये आलेल्या बंद टपाच्या ‘जीटी’ची काच मात्र रबराच्या पट्टीने थेट गाडीच्या सांगाड्यात बसते. या दोन काचा एकमेकींच्या जागी चालत नाहीत. त्यामुळे केवळ ‘एमजीबीची काच’ एवढे सांगून मागणी नोंदवू नये. प्रकार आणि वर्ष दोन्ही कळवावे. टफन्डऐवजी लॅमिनेटेड काच घेताना जाडीत किंचित फरक पडू शकतो. म्हणून रबराची पट्टीही काचेसोबत नवी मागवावी.

काच हाती आली, की बसवण्यापूर्वी जुन्या काचेवर वा रिकाम्या चौकटीवर ठेवून तिचा बाक जुळतो का, हे पाहावे. बाक जुळत नसता जोर लावून बसवलेली काच काही दिवसांनी कडेपासून तडकते, आणि मग दोष कोणाचा हा वाद उरतो. काच तिरकी धरून तिच्यातून खिडकीच्या गजांसारख्या सरळ रेषा पाहाव्यात. त्या वाकड्या वा लाटेसारख्या दिसल्या, तर ती काच परत करावी. दूरवरून मागवलेली काच लाकडी खोक्यात, उभी ठेवून पाठवण्यास सांगावे आणि पोचपावतीवर सही करण्यापूर्वी खोके उघडून पाहावे.

जुनी काच मूळची म्हणून हातची सोडवत नसेल, तर तिची नीट परीक्षा करावी. कडेला दुधी रंग आला असेल, तर थरांमध्ये ओल शिरली आहे, असे समजावे. ती सुधारत नाही. वायपरचे खोल ओरखडे घासून काढू गेल्यास काच लहरीदार होते. समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश रात्री अशा काचेवर पसरतो. लॅमिनेटेड काचेवरील लहानशी खोच मात्र राळ भरून दुरुस्त करता येते. त्यासाठी ब्रिटनमधील वाहन तपासणीचा निकष उपयोगी पडावा. तेथे चालकाच्या समोरील 290 मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात 10 मिलिमीटरहून मोठी इजा चालत नाही. टफन्ड काचेची दुरुस्ती होतच नाही.

बसवण्याचे काम

नव्या मोटारींच्या काचा पॉलियुरेथेनने चिकटवलेल्या असतात आणि गाडीच्या बळकटीत त्यांचा वाटा असतो. एमजीबीचे तसे नाही. येथे काच फक्त चौकटीत वा रबरात धरलेली असते. तरीही काम सोपे नाही. ॲल्युमिनियमच्या चौकटीत पोलादी स्क्रू वर्षानुवर्षे राहिल्याने जाम होतात. ते हातोडीने हाणू नयेत. गंज सुटणारे तेल घालून एक-दोन दिवस थांबावे. चौकट निघाल्यावर खालच्या पत्र्याचा गंज काढून रंग द्यावा. ही संधी पुन्हा लवकर येत नाही, आणि आपल्याकडच्या पावसात रबराखाली राहिलेला गंज झपाट्याने वाढतो. रबर बसवताना साबणाचे पाणी वापरावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन मात्र टाळावे, कारण ते धातूला आणि काचेतील प्लॅस्टिकच्या कडेलाही अपाय करते.

सारांश, काच निवडताना प्रकार, खूण, माप आणि बसवणारा कारागीर हा क्रम ठेवावा. किंमत त्यानंतर पाहावी. मूळची टफन्ड काच धड असेल, तर ती गोणपाटात गुंडाळून घरी जपून ठेवण्यास हरकत नाही. रस्त्यावर मात्र आपल्या आणि रस्त्याच्या मध्ये लॅमिनेटेड काचच असू द्यावी.