गोरेपणाची डबी

गेल्या मार्गशीर्षात रेवदंड्याजवळ बचत गटाची बैठक होती. एक मुलगी तोंडाला ओढणी गुंडाळून कोपऱ्यात बसलेली. बैठक संपल्यावर तिच्या आईनं मला बाजूला घेतलं. "ताई, हिला बघायला मंडळी येणार आहेत. म्हणून पार्लरमधून क्रीम आणलं. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, आता नुसती आग होते हो!" डबी पाहिली तर तिच्यावर ना कंपनीचं नाव, ना घटकांची यादी, ना तारीख.

मैत्रिणींनो, अशा डबीत काय असू शकतं? कधी स्टिरॉइड, कधी चक्क पारा! पारा कातडीतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा झटपट उजळतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची चाळण बिघडवतो. अकोल्यात एका घरातल्या आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडं अशाच क्रीममुळे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासलं, तेव्हा त्यात पारा निघाला. 2023 साली हे वर्तमानपत्रांतून गाजलं. केरळमधल्या डॉक्टरांनीही असे रुग्ण नोंदवले आहेत.

क्रीममध्ये मुद्दाम पारा घालायला आपल्याकडे बंदी आहे. 2020 च्या नियमांनुसार नकळत आलाच, तर चेहऱ्याच्या क्रीममध्ये दहा लाख भागांत एक भाग, एवढीच मुभा. पण बिननावाच्या डबीला कसला नियम?

तेव्हा नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटक छापलेले नसतील तर डबी घेऊ नका. 'मर्क्युरी', 'कॅलोमेल' हे शब्द किंवा 'सोन्या-चांदीला लागू देऊ नका' अशी सूचना दिसली, तर समजा की आत पारा आहे. लघवीला फेस येत असेल, पाय सुजत असतील तर डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा. पाऱ्याचं क्रीम वेळेत थांबवलं तर बहुतेकींची मूत्रपिंडं सावरतात. स्टिरॉइडचं क्रीम मात्र डॉक्टरांना विचारूनच थांबवा, नाहीतर चेहरा आणखी पेटतो.

त्या मुलीला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. तिच्या क्रीममध्ये स्टिरॉइड असावं, असं ते म्हणाले. परतताना एसटीत तिची आई हळूच म्हणाली, "मी जन्मभर उन्हात मासळी विकली, तिला शिकवलं. मला कुणी काळी म्हटलं तरी वाईट वाटलं नाही. मग हिच्या वेळेलाच मी का घाबरले?"

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपण साऱ्याजणींनी तो स्वतःला विचारायला हवा.