एलईडी पट्ट्यांना हवा योग्य वीजपुरवठा

अहिल्याबाई होळकर यांचे नाव धारण करणाऱ्या वाराणसीतील अहिल्याबाई घाटावर कार्तिक पौर्णिमेला, देवदिवाळीनिमित्त, पणत्या उजळतात. घाटालगतच्या घरात रोजच्या प्रकाशासाठी एलईडी पट्टी बसवायची झाल्यास मात्र वीजपुरवठ्याचा विचार आधी करावा लागतो.

बहुतेक पट्ट्या 12 किंवा 24 व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालतात. अशी पट्टी घरातील 230 व्होल्टच्या विजेला थेट जोडल्यास जळते; म्हणून मध्ये अडॅप्टर लागतो. मीटरमागे 14.4 वॅट घेणाऱ्या 5 मीटर पट्टीला 72 वॅट, म्हणजे 12 व्होल्टला 6 अँपिअर लागतात. पूर्ण भाराने सतत चालणारा अडॅप्टर तापतो, त्याचे आयुष्य घटते. त्यामुळे तो सुमारे 90 वॅटचा घेणे इष्ट. स्वस्तातला 2 अँपिअरचा अडॅप्टर येथे निरुपयोगीच.

पट्टीचे दूरचे टोक मंद दिसत असेल, तर दोष बहुधा दिव्यांचा नसून तांब्याच्या पातळ थरात घटणाऱ्या विद्युतदाबाचा असतो. पट्ट्या एकापुढे एक न जोडता प्रत्येक 5 मीटरला अडॅप्टरपासून स्वतंत्र तार द्यावी.

पावसाळ्यात गंगेचे पाणी घाटाच्या पायऱ्या चढते. तेथे केवळ पट्टी जलरोधक असून भागत नाही. अडॅप्टरही पुराच्या पातळीच्या वर, कोरड्या व हवेशीर जागी बसवावा आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी मुख्य जोडणीवर असावा.