घ्या जी, गोजी!

मनुकेएवढा जीव, लालभडक रंग आणि भानगडी मात्र तीन अंकी नाटकाच्या! चिनी वैद्यांच्या बरणीत आणि चहाच्या पेल्यात हमखास भेटणाऱ्या सुक्या गोजी बेरीची ही कुंडली. चला, पटापट!

घराणं कोणतं?
माहीत आहे का? वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची आणि गोजी हे सगळे एकाच कुळातले! वाटणीत तिखटपणा मिरचीने नेला, गोडवा गोजीने लाटला.

नाजूक प्रकरण
वायव्य चीनमधलं निंगशिया हा गोजीचा बालेकिल्ला. झुडूप काटेरी, फळ मात्र भलतंच हळवं. जरा जोरात दाबलं की काळं पडलंच! म्हणून तोडणी हातानेच. फुल व्हीआयपी ट्रीटमेंट!

चहा की सुकामेवा?
निंगशियातल्या हुई लोकांचा ‘आठ रत्नांचा चहा’ झाकणाच्या वाटीत येतो. आत चहापत्ती, गोजी, खडीसाखर, सुकी लाल बोरं, अक्रोड, तीळ... प्यायचा की चावायचा, तुम्हीच ठरवा!

प्रवाशांना नो एन्ट्री!
घरापासून हजार ‘ली’ (अंतराचं चिनी माप) लांब आहात? मग गोजी खाऊ नका, असा जुना चिनी सल्ला आहे. कारण? गोजीने म्हणे प्रणयभावना चाळवते आणि जोडीदार तर घरी! बाकी समजून घ्या.

२५६ नॉट आउट?
चीनचे ली चिंग-युएन १९३३ साली वारले, तेव्हा त्यांचं वय काहींनी चक्क २५६ सांगितलं! श्रेय कुणाला? अर्थातच गोजी आणि इतर जडीबुटींना. पण थांबा! पुराव्यानिशी सिद्ध झालेला मानवी विक्रम आहे फ्रान्सच्या जान काल्माँ यांचा, १२२ वर्षांचा. थर्ड अंपायरने ली आजोबांना आउट दिलंय!

रॉकस्टारचा थर्मास
२०१७ मध्ये ‘ब्लॅक पँथर’ या चिनी रॉक बँडच्या ड्रमरचा हातात थर्मास घेतलेला फोटो व्हायरल झाला. नेटकरी सुटलेच: यात नक्की गोजीचं गरम पाणी! तेव्हापासून ‘थर्मासमध्ये गोजी’ म्हणजे चाळिशी गाठल्याचं जाहीर प्रमाणपत्र.

ड्यूकचा पोपट
ब्रिटनमध्ये हे झुडूप ‘ड्यूक ऑफ अर्गाइलचं चहाचं झाड’ म्हणून ओळखलं जातं. सांगतात ते असं: अठराव्या शतकात ड्यूकसाहेबांना चहाचं रोप पाठवलं, पण लेबलांची अदलाबदल झाली. हाती चहाऐवजी ही मंडळी!

काळी जादू
गोजीची काळी बहीणही आहे बरं का! तिबेटच्या पठारावर वाढते. अल्कधर्मी पाण्यात टाका, रंग निळा. त्यात लिंबू पिळा, गुलाबी-जांभळा! जादू नाही हो, अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याची केमिस्ट्री.

जरा सबुरीने!
रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन गोळी सुरू आहे? मग गोजी जपून! दोघांचं जमत नाही; गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. आधी डॉक्टरांचा ग्रीन सिग्नल, मगच या लाल दिव्यांची आरास!