गाव जागेवरच, राज्यं मात्र तीन!

नकाशा उघडा आणि गुडीहत्नूर शोधा. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर आदिलाबाद मागे पडलं की थोड्या वेळात हे गाव येतं. उटनूरला जायचं असेल तर इथूनच वळायचं. या भागात कुणाच्या घरी तेलुगू बोलतात, कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी गोंडी.

इथल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या एखाद्या आजींना विचारून बघा, "आजी, तुमचा जन्म कुठल्या राज्यातला?" त्या सांगतील, हैदराबाद. लग्न झालं तेव्हा? आंध्र प्रदेश. आणि आता? तेलंगणा! आजींनी गाव सोडलं नाही, तरी त्यांचं तीन राज्यांत राहून झालं. आहे की नाही गंमत?

ही करामत केली दोन कायद्यांनी. पहिला १९५६ सालचा, राज्य पुनर्रचनेचा. त्या वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. आदिलाबाद जिल्ह्याचा बराचसा भाग आंध्र प्रदेशात गेला. किनवट आणि राजुरा हे तालुके मात्र त्याच जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. म्हणूनच आज ते महाराष्ट्रात आहेत. दुसरा कायदा २०१४ चा, आणि तो कसा झाला ते जरा सावकाश बघण्यासारखं आहे.

नवा जिल्हा करायचा असेल तर ते काम राज्य सरकार करतं. २०१६ मध्ये तेलंगणा सरकारनंच जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे केले. पण अख्खं नवं राज्य करायचं? तो अधिकार आपल्या राज्यघटनेनं फक्त संसदेला दिला आहे. त्यात एक अट आहे. ज्या राज्याची वाटणी होणार, त्याच्या विधानसभेला आधी "तुमचं मत काय?" असं विचारावंच लागतं. म्हणून आंध्र प्रदेशातून तेलंगणा वेगळं करण्याचं विधेयक राष्ट्रपतींनी हैदराबादला पाठवलं. (कायदा होण्याआधी त्याच्या मसुद्याला विधेयक म्हणतात.) ३० जानेवारी २०१४ ला आंध्र प्रदेशच्या विधानसभेनं सांगून टाकलं, आम्हाला हे नको!

मग संपलं का सगळं? नाही. विधानसभेचं मत विचारणं बंधनकारक आहे, ऐकणं नाही. शेवटचा शब्द संसदेचा. मला विचाराल तर आपल्या देशाच्या रचनेतली ही सगळ्यात विचार करायला लावणारी जागा आहे. राज्यं महत्त्वाची, पण ती घडवायची की मोडायची हे साऱ्या देशाचे प्रतिनिधी मिळून ठरवतात. तुम्हाला हे पटतं का? वर्गात वाद घालून बघा.

संसदेतही काही सोपं गेलं नाही. १३ फेब्रुवारीला लोकसभेत इतका गदारोळ झाला की एका खासदारानं चक्क मिरीचा फवारा मारला आणि बाकीच्यांना खोकत, डोळे चोळत बाहेर पळावं लागलं. पाच दिवसांनी, १८ तारखेला, लोकसभेनं विधेयक मंजूर केलं. २० तारखेला राज्यसभेनं केलं. दोन्ही सभागृहांचा होकार मिळाला, तरी तो कायदा झाला नव्हता. राष्ट्रपतींची सही बाकी होती. एखादं साधं विधेयक राष्ट्रपतींना पटलं नाही, तर ते "पुन्हा विचार करा" म्हणून परत पाठवू शकतात. संसदेनं ते पुन्हा मंजूर केलं की मात्र संमती द्यावीच लागते. इथे तशी वेळ आली नाही. १ मार्च २०१४ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी संमती दिली आणि २ जूनला तेलंगणा हे देशाचं २९ वं राज्य झालं. नव्या राज्यात कोणते जिल्हे असतील याची यादी त्या कायद्यात आहे. तिच्यात पहिलंच नाव आदिलाबादचं!

पण सही करणाऱ्या राष्ट्रपतींना निवडतं कोण? तुमचे आईबाबा थेट मत देत नाहीत. लोकसभेचे आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार मत देतात. गुडीहत्नूर बोथ विधानसभा मतदारसंघात येतं, म्हणजे इथल्या लोकांच्या वतीनं बोथचे आमदार. आणि प्रत्येक आमदाराचं मत सारख्या वजनाचं नसतं बरं का! ते वजन गणितानं काढतात.

राज्याची १९७१ सालची लोकसंख्या घ्यायची, तिला आमदारांच्या संख्येनं भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा १००० नं भागायचं. तेलंगणाच्या भागातली १९७१ ची लोकसंख्या १,५७,०२,१२२ आणि आमदार ११९. उत्तर येतं १३१.९५, म्हणजे १३२. पण २०१२ मध्ये, आंध्र प्रदेश एकत्र असताना, बोथच्याच आमदाराच्या मताचं मूल्य १४८ होतं. राज्य बदललं आणि मताचं वजनही बदललं! महाराष्ट्राच्या आमदाराचं मूल्य १७५, उत्तर प्रदेशचं २०८, सिक्कीमचं फक्त ७. आमदारामागे जितकी जास्त माणसं, तितकं मत जड. साऱ्या आमदारांच्या मतांची बेरीज करून तिला खासदारांच्या संख्येनं भागलं की एका खासदाराच्या मताचं मूल्य मिळतं. २०२२ मध्ये ते ७०० होतं.

मतदानही बघण्यासारखं असतं. आमदारांची मतपत्रिका गुलाबी, खासदारांची हिरवी. निवडणूक आयोगानं दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननंच लिहायचं. खिशातलं पेन काढलं तर मत बाद! शिक्का मारायचा नाही, तर उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालायचे. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मूल्य मिळालं नाही, तर दुसरी पसंती मोजतात. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी असेच निवडून आले. २०२२ मध्ये तर राज्यांच्या मतपेट्या विमानात स्वतंत्र सीटवर बसून दिल्लीला गेल्या. तिकिटावर नाव होतं, मिस्टर बॅलट बॉक्स!

त्या वर्षी द्रौपदी मुर्मू ६,७६,८०३ मूल्याची मतं मिळवून जिंकल्या. त्या देशाच्या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती. बोथ मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, त्यामुळे इथले आमदारही आदिवासी समाजातलेच असतात.

पुढची राष्ट्रपती निवडणूक २०२७ मध्ये आहे. तोवर एक गणित तुमच्यासाठी. गोव्याची १९७१ ची लोकसंख्या ७,९५,१२०, आमदार ४०. कागद-पेन्सिल घ्या आणि गोव्याच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य काढून आम्हाला कळवा.