दोन फोन, एक गप्पा: रेकॉर्डिंग सरकतं कशामुळे?

रिठदहून, म्हणजे आपल्या वाशिम जिल्ह्यातून, पुन्हा एकदा तुमच्या कानाशी. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग थोडा नीट करून इथे लिहिलाय.

आजचा प्रश्न असा. मी इथे बोलतोय, पाहुणा पुण्यात. दोघांनी आपापल्या फोनवर रेकॉर्ड केलं. नंतर दोन्ही फायली सुरुवातीला अगदी बरोबर जुळवल्या. तरी तासाभराने त्याचं बोलणं संपायच्या आत माझं ‘हो का?’ कसं काय पडतं?

इंटरनेटला शिव्या देऊ नका. रेकॉर्डिंग तर फोनमध्येच झालंय. भानगड आहे घड्याळाची. स्क्रीनवर दिसतं ते घड्याळ नाही बरं का, आतलं.

सेकंदाला ४८,००० ठोके

डिजिटल ऑडिओ म्हणजे आवाजाची मापं. सेकंदाला ४८,००० वेळा माप घ्यायचं, एकेका मापाला म्हणायचं सॅम्पल. माप कधी घ्यायचं ते ठरवतो क्वार्ट्झचा एक छोटा क्रिस्टल. आणि कुठलेही दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे नसतात.

समजा दोन फोनमध्ये दहा लाखांत ५० एवढाच फरक आहे. म्हणजे सेकंदाला २.४ सॅम्पल. किरकोळ वाटतं ना? तासाला ते होतात ८,६४०, म्हणजे १८० मिलिसेकंद. गप्पांमध्ये एवढं अंतर कानाला लगेच खटकतं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवू. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होता, ३९ मिनिटं मागे. पण आज ३९ आणि उद्याही ३९. वजाबाकी केली की काम झालं. हा झाला नुसता फरक. आपल्या दोन फोनमधलं अंतर मात्र दर सेकंदाला वाढत जातं. ही झाली सरक, इंजिनिअर लोक तिला ड्रिफ्ट म्हणतात. एकदा जुळवून ती जात नाही.

भजनात मृदंग, नेटवर्कवर लीडर

मोठ्या सभागृहात, स्टुडिओत मिक्सर, माइक, स्पीकर सगळे नेटवर्क केबलने जोडतात. त्यासाठी डान्टे किंवा एईएस६७ अशा पद्धती आहेत. तिथे सरक चालतच नाही, कारण सॅम्पल कमीजास्त झाले की टिक-टिक ऐकू येते किंवा आवाज तुटतो. म्हणून एक यंत्र लीडर होतं, बाकीचे टाळकऱ्यांसारखे त्याच्या लयीत चालतात. हे काम पीटीपी नावाचा प्रोटोकॉल करतो.

कसं? लीडरने १०० वाजता निरोप धाडला. माइकच्या घड्याळात तो १०७ ला पोचला. माइकने ११० ला उत्तर धाडलं, लीडरकडे ते १०९ ला पोचलं. निघायच्या आधीच पोचलं की! (ही एककं मायक्रोसेकंद समजा.) जाताना ७, येताना उणे १. बेरीज ६, तिचं निम्मं ३, हा वाटेतला वेळ. वजाबाकी ८, तिचं निम्मं ४, म्हणजे माइकचं घड्याळ ४ ने पुढे आहे. हे गणित सारखं चालू राहतं, म्हणून सरक साचत नाही.

यात एक गृहीत आहे, जायची आणि यायची वाट सारखीच. वायफायवर किंवा गर्दीच्या स्विचवर तसं राहत नाही, म्हणून इथे केबलच हवी.

सेटिंग करताना

• सगळ्या यंत्रांचा सॅम्पल रेट एकच ठेवा, उदाहरणार्थ ४८,०००.
• ‘प्रिफर्ड लीडर’ एकालाच करा, तेही कायम चालू राहणाऱ्या मिक्सरसारख्या यंत्राला. लीडर लॅपटॉप असेल आणि कोणी तो बंद केला, तर भर कार्यक्रमात नवा लीडर निवडावा लागतो.
• ‘सिंक टू एक्स्टर्नल’ हे बाहेरचं घड्याळ खरंच जोडलं असेल तरच चालू करा.
• डान्टे मुळात पीटीपीची २००२ ची आवृत्ती वापरतं, एईएस६७ २००८ ची. त्या एकमेकींना समजत नाहीत. दोन्ही एकत्र चालवायचे असतील तर डान्टेच्या यंत्रात एईएस६७ मोड चालू करा आणि डोमेन नंबर सगळीकडे सारखा ठेवा.
• स्विचमधलं वीज वाचवणारं ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ बंद करा. त्याने वेळेचे निरोप रेंगाळतात.

आणि आपण फोनवाल्यांनी?

आपल्याकडे लीडर नाही, पण टाळी आहे. सुरुवातीला एक वाजवा आणि शेवटी एक. दोघं एका खोलीत असाल तर एकच टाळी दोन्ही फोनना पुरते. लांब असाल तर दोघांच्या आवाजातला एखादा सवाल-जवाब सुरुवातीला आणि शेवटी बघा. सुरुवात जुळवा, शेवटी किती अंतर पडतंय ते मोजा. तासाला १८० मिलिसेकंद म्हणजे फक्त ०.००५ टक्के. लांब झालेली फाइल एडिटरमध्ये तेवढी आखूड करा, आवाजाच्या पट्टीत पडणारा फरक कोणाच्या कानाला कळणार नाही. किंवा मधल्या शांत जागी कापून पुन्हा जुळवत चला.

दोन माइक एकाच रेकॉर्डरला लावता आले तर सगळ्यात उत्तम, कारण घड्याळ एकच. पण लॅपटॉपला दोन यूएसबी माइक लावले तर घड्याळंही दोन, हे विसरू नका.

एवढी उठाठेव कशाला? कारण आपण गावातल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांचं बोलणं टिपतोय. मूळ फायली दोन्ही जपून ठेवा आणि टाळी विसरू नका. एडिट दहादा करता येतं. त्या आजीचा तो तास काही पुन्हा मिळत नाही.

पुढच्या भागात, ब्लूटूथ इअरफोनवर व्हिडिओतले ओठ आधी हलतात आणि आवाज मागून का येतो ते बघू. तोवर ऐकत राहा!