व्हिडिओ कॉलवरील बनावट चेहरा

महाड व पोलादपूर तालुक्यांतील पुष्कळ घरांचा कर्ता मुलगा मुंबईस किंवा पुण्यास नोकरीस असतो. भातलावणीच्या मजुरीचे पैसे तोच पाठवितो आणि त्याची खुशाली व्हिडिओ कॉलवर कळते. चेहरा दिसला, आवाज ऐकू आला, की माणूस खरा, हा आजवरचा अनुभव. तो आता पुरा पडत नाही.

जुलै 2023 मध्ये केरळातील कोझिकोड येथील एका निवृत्त गृहस्थांस जुन्या सहकाऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा तोच होता. जुन्या मित्रांची चौकशीही झाली. नात्यातील बाईच्या शस्त्रक्रियेसाठी 40,000 रुपये मागण्यात आले व गृहस्थांनी ते पाठविले. लागलीच आणखी 35,000 रुपयांची मागणी झाली. तेव्हा शंका येऊन त्यांनी सहकाऱ्याच्या मूळ क्रमांकावर फोन केला. त्याने असा कॉल केलाच नव्हता. रक्कम महाराष्ट्रातील एका बँक खात्यात गेली होती. पोलिसांनी ते खाते गोठविले.

अशा बनावट चित्रास डीपफेक म्हणतात. समाजमाध्यमांवर टाकलेली छायाचित्रे व ध्वनिफिती यांवरून संगणक चेहरा व आवाज हुबेहूब उभा करतो. असा कॉल बहुधा थोडक्यात आटोपता घेतला जातो. घाटाकडील वाड्यांत नेटवर्क मुळातच तुटक, त्यामुळे अस्पष्ट चित्राचे कोणास नवल वाटत नाही, आणि ठगास तेच सोयीचे पडते.

बोलणाऱ्यास मान वळविण्यास किंवा चेहऱ्यासमोरून हात फिरविण्यास सांगावे. बनावट चित्र पुष्कळदा तेथे फिसकटते. मात्र हे तंत्र दिवसेंदिवस सुधारत असल्याने या परीक्षेवर विसंबू नये. पैशाचा विषय निघताच कॉल बंद करून आपल्याजवळील जुन्या क्रमांकावर स्वतः फोन लावणे, हाच भरवशाचा उपाय होय.

परंतु जुलै 2021 च्या महापुरासारख्या प्रसंगी उलट फोन लागेलच असे नाही. त्यासाठी घरच्या मंडळींनी समोरासमोर बसून एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. विकून टाकलेल्या बैलाचे नाव किंवा घरातच बोलले जाणारे एखाद्या खाचराचे नाव चालेल. समाजमाध्यमांवर आलेले नाव मात्र नको. ज्या आजी-आजोबांच्या हाती मोबाइल असतो, त्यांस हा शब्द प्रथम सांगावा.

पैसे गेलेच, तर लाजेने गप्प राहू नये. तत्काळ 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेस कळवावे. व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वीच ती अडविता येते. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक लिहून ठेवावा.